लूकिया, लुझिया, लूसी

नाव एकच, पण देवनागरीत लिहायला घेतलं की पंचाईत होते. रोमन माणूस ‘लूकिया’ म्हणत असे, कारण जुन्या लॅटिनमध्ये ‘सी’ या अक्षराचा उच्चार ‘क’. इटलीत ‘लुचीया’. पोर्तुगालमध्ये आणि म्हणून गोव्यातही ‘लुझिया’. माद्रिदमध्ये जीभ दातांत धरून ‘लुथीया’, समुद्रापलीकडे मेक्सिकोत ‘लुसीया’. पोलंडमध्ये ‘वुत्सिया’. इंग्रजांची ‘लूशिया’ आणि घरातली ‘लूसी’. रोमन लिपीत या सगळ्या जणी बहिणी-बहिणी दिसतात. आपल्या लिपीत एकीची ओळख दुसरीला पटू नये. मी इथे ‘लूसिया’ हे सोयीचं रूप धरलं आहे. जिथे स्थानिक उच्चारातच गंमत आहे, तिथे तो.

*

नावांच्या पुस्तकात या नावापुढे एकच शब्द असतो: प्रकाश. बरोबर आहे. लॅटिन ‘लूक्स’ म्हणजे प्रकाश, त्यावरून पुरुषाचं नाव लूकियुस, त्याचं स्त्रीलिंगी रूप लूकिया. पण दोन हजार वर्षांत ज्यांनी ज्यांनी हे नाव मुलीला, बेटाला, सांगाड्याला किंवा अंतराळयानाला दिलं, त्यांतल्या किती जणांच्या मनात प्रकाश होता? फार थोड्यांच्या, असं मला वाटतं. कुणाला संत हवी होती, कुणाला आजी, कुणाला रेडिओवरचं गाणं.

*

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन विद्वान वारो सांगतो, की पहाटे उजाडता उजाडता जन्मला तो लूकियुस आणि सकाळी जन्मला तो मानियुस. खुलासा छान आहे. पण वारोच्या काळापर्यंत बाप लूकियुस असला की मुलगाही लूकियुस, मग तो भर मध्यरात्री का जन्मेना. रोमन पुरुषांच्या पहिल्या नावांचा साठा इतका लहान होता, की शिलालेखांत ती एका-दोन अक्षरांत उरकत. लूकियुस म्हणजे नुसतं ‘एल’.

मुलींच्या वाट्याला बहुधा तेवढंही येत नसे. बापाच्या कुळनामाचं स्त्रीलिंगी रूप करायचं की झालं मुलीचं नाव. ज्यूलियस घराण्यातली ती ज्यूलिया. सीझरची आत्या ज्यूलिया, त्याच्या दोन्ही बहिणी ज्यूलिया, मुलगीही ज्यूलिया. थोरली आणि धाकटी म्हणून ओळखायचं. मुलीला ‘लूकिया’ असं तिचं स्वतःचं पहिलं नाव मिळाल्याची उदाहरणं जुन्या काळातही आहेत, पण थोडी. नावांची ती जुनी पद्धत साम्राज्याच्या उत्तरकाळात ढासळली आणि एकेरी नावं आली, तेव्हा हे नाव मोकळं झालं.

*

‘लूक्स’चं मूळ शोधत मागे गेलं की संस्कृत धातू भेटतो तो रुच्, म्हणजे प्रकाशणे. लॅटिनमध्ये जिथे ल, तिथे संस्कृतात पुष्कळदा र. रुच्वरून रुक्म, म्हणजे चकाकणारं, सोनं. रुक्मवरून रुक्मिणी. म्हणजे विटेवरच्या विठ्ठलाची रखुमाई आणि सिसिलीची लूसिया या एका धातूच्या लेकी. आजकालची ‘रुची’ तर रखुमाईपेक्षाही जवळची. मराठीत मात्र ‘रुचणे’ म्हणजे आवडणे. शब्दातला उजेड गेला, चव राहिली.

यावरून लॅटिन संस्कृतातून निघाली असं कुणी म्हणू नये. दोघी एका तिसऱ्याच, कुणी लिहून न ठेवलेल्या भाषेच्या पणत्या आहेत. नातं खरं, पण लग्नपत्रिका पाठवण्याइतकं जवळचं नाही.

*

आता खुद्द संत लूसिया. सिसिली बेटावरचं सिराक्यूज हे तिचं गाव. मृत्यू इ.स. ३०४, सम्राट डायोक्लिशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ चालवला होता त्या काळात. गाव ग्रीक बोलणारं, आईचं नाव ग्रीक, एवतिखिया, मुलीचं लॅटिन.

तिच्याबद्दल भक्कम म्हणावा असा पुरावा १८९४ साली सापडला. पाओलो ओर्सी हे पुरातत्त्वज्ञ सिराक्यूजच्या भुयारी दफनभूमीत काम करत होते. तिथे एवस्किया नावाच्या तरुण बाईच्या थडग्यावर ग्रीक लेख मिळाला. ती लूसियाच्या सणादिवशी वारली असं तिच्या नवऱ्याने त्यावर कोरून घेतलं होतं. लेख साधारण इ.स. ४०० च्या आसपासचा. म्हणजे मृत्यूनंतर शंभरेक वर्षांत लूसियाचा सण गावात रुळला होता. एका बाईची आठवण दुसऱ्या बाईच्या थडग्यामुळे पक्की झाली.

बाकीचं चरित्र नंतरच्या कथेतलं. आईचं रक्तस्रावाचं दुखणं, त्यासाठी कातानियाला संत अगाथाच्या समाधीची यात्रा, आई बरी होते, मुलगी लग्न नाकारून हुंड्याचं धन गरिबांना वाटते, ठरलेला नवरा चिडून अधिकाऱ्याकडे चुगली करतो. पास्कासियस हा अधिकारी तिला वेश्यागृहात पाठवायचं फर्मान काढतो. शिपाई ओढतात, बैलजोड्या लावतात, मुलगी जागची हलत नाही. आगही लागत नाही. शेवटी गळ्यावर शस्त्र.

आता, लूसियाची ओळख डोळ्यांची संत अशी. मग या कथेत डोळे कुठे आहेत? नाहीत. जुन्या कथेत डोळ्यांचा उल्लेखच नाही. तेराव्या शतकात याकोपो दा व्हाराज्जे याने संतांच्या कथांचा जो गाजलेला संग्रह केला, त्यात तो लूसियाची कथा नावाच्या व्युत्पत्तीपासून सुरू करतो, प्रकाशावर भरपूर लिहितो, पण डोळे काढल्याचं सांगत नाही. ते मध्ययुगाच्या अखेरीस रूढ झालं. एका रूपात छळ करणारे डोळे काढतात. दुसऱ्यात तिच्या डोळ्यांवर भाळलेल्या माणसाला ती स्वतःच ते काढून पाठवते आणि देव तिला नवे देतो. मग चित्रकारांनी तिच्या हातात तबक दिलं, तबकात दोन डोळे. फ्रांचेस्को देल कोस्साने १४७० च्या दशकात तर ते डोळे फुलासारखे देठावर रंगवले. चिमटीत देठ धरून ती उभी आहे. ते चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पाहिल्यावर शहारा येतो आणि थोडं हसूही.

क्रम असा दिसतो: आधी नाव. नावात प्रकाश, म्हणून दृष्टी, म्हणून डोळ्यांच्या रोग्यांनी तिचा धावा केला, आणि मग त्या धाव्याला शोभेल अशी कथा जुळली. माणसाच्या चरित्रावरून टोपणनाव पडतं हे आपल्या ओळखीचं. नावावरून चरित्र पडल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

*

इटालियन कवी डांटेने जास्त वाचनाने आपले डोळे अधू झाल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याच्या महाकाव्यात लूसिया तीन ठिकाणी येते, आणि एकदा तर झोपलेल्या डांटेला उचलून पापक्षालनाच्या पर्वताच्या दारापर्यंत नेऊन ठेवते. कृतज्ञता असावी.

*

चित्रकार काराव्हाज्जो १६०८ साली माल्टाच्या कैदेतून पळून सिराक्यूजला आला. तिथे त्याने लूसियाचं दफन रंगवलं. चित्रात सर्वांत मोठे कोण, तर खड्डा खणणारे दोन मजूर. त्यांच्या पाठी आणि दंड डोळ्यांत भरतात. संत मागे जमिनीवर, लहानशी. वरचा निम्मा-अधिक भाग नुसती रिकामी भिंत. डोळ्यांचं तबक नाही, तेजोवलय जेमतेम. मला सगळ्या लूसियांत ही सर्वांत खरी वाटते. प्रकाशाचा अर्थ त्याने मजुरांच्या खांद्यांवर खर्च केला.

*

१३ डिसेंबरला सिराक्यूजच्या कॅथीड्रलमधून तिची चांदीची मूर्ती मिरवत निघते. हे कॅथीड्रल अथीनाच्या ग्रीक मंदिरातच बांधलेलं. भिंतीत जुने खांब अजून दिसतात. देवी बदलली, खांब तेच.

त्या दिवशी सिसिलीत, विशेषतः पलेर्मोत, पाव आणि पास्ता वर्ज्य. कथा अशी सांगतात, की १६४६ च्या दुष्काळात लूसियाच्या दिवशी गव्हाने भरलेलं जहाज बंदराला लागलं. भुकेल्या लोकांना दळायलाही दम नव्हता. त्यांनी गहू तसेच शिजवून खाल्ले. म्हणून त्या दिवशी ‘कुच्चिया’ करतात: भिजवून शिजवलेले अख्खे गहू, त्यात रिकोत्ता चीज आणि साखर. नाव सोडलं तर हुग्गीच. आमच्या कोल्हापूरकडच्या आजीला ताटात वाढली असती तर तिने फक्त गूळ कुठे आहे एवढं विचारलं असतं. पाव-पास्त्याच्या जागी पलेर्मोकर भाताचे तळलेले मोठे गोळे खातात, तेव्हा उपासाचा जीवाला त्रास फार होत नसावा. एकादशी, दुप्पट खाशी.

*

व्हेनिसला गेलेल्या लाखो प्रवाशांनी हे नाव रेल्वे स्टेशनाच्या पाटीवर वाचलेलं असतं: व्हेनेत्सिया सांता लुचीया. तिथे या नावाचं चर्च होतं. १८६१ साली स्टेशनासाठी ते पाडलं. त्यातले संत लूसियाचे अवशेष जवळच्या सान जेरेमिया चर्चमध्ये हलवले आणि नाव फलाटाला चिकटून राहिलं. १९८१ च्या नोव्हेंबरात बंदूकधारी चोरांनी ते अवशेष पळवले. घाईत शिर मागेच राहिलं. पोलिसांना ते सापडले १३ डिसेंबरला, म्हणजे नेमके तिच्या सणादिवशी. योगायोग, की पोलिसांची समयसूचकता, कोण जाणे.

*

आता स्वीडन. सिसिलीची ही मुलगी ल्यूथरपंथी देशात, जिथे संतपूजा केव्हाच बंद झाली, तिथे वर्षातला एक लाडका सण होऊन बसली आहे. गुंता कॅलेंडरचा आहे.

ज्यूलियन कॅलेंडरचं वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटं मोठं. ११ मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण सव्वाशे-एक वर्षांत त्याचा एक दिवस होतो. असं सरकत सरकत तेराव्या-चौदाव्या शतकात वर्षातली सर्वांत मोठी रात्र १३ डिसेंबरच्या आसपास येऊन पडली. त्या रात्रीला लूसियाचं नाव लागलं. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने १० दिवस गाळून कॅलेंडर सरळ केलं. स्वीडनने ते १७५३ साली स्वीकारलं. मोठी रात्र २१-२२ डिसेंबरला गेली. सण जागचा हलला नाही. इटलीतही लूसियाचा दिवस सर्वांत लहान अशी म्हण आहे. ती आता खगोलशास्त्राने खोटी, पण लोकांना पर्वा नाही. स्टॉकहोममध्ये त्या दिवशी दुपारी पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. आठवड्याचा हिशोब कोण करत बसणार?

नॉर्वे-स्वीडनच्या खेड्यांत या रात्रीची जुनी मालकीण वेगळीच होती: ‘लुस्सी’. ती संत नव्हे. रात्री हवेतून हिंडणारी भयंकर बाई. घरात सूतकताई वा इतर कामं उरकलेली नसली तर धुराड्यातून आत येणारी. नावातलं साम्य पाहा, आणि स्वभावातलं अंतर पाहा. पांढरा झगा, कमरेला लाल फीत, डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी पहाटे घरच्यांना न्याहारी घेऊन येते, या प्रथेची नोंद १७६४ पासून मिळते. तीही पश्चिमेकडच्या सधन वाड्यांतली. देशभर ती पसरली ती विसाव्या शतकात, आणि वृत्तपत्रांनी भरवलेल्या ‘लूसिया निवडा’ स्पर्धांनी तिला जोर आला. केशर घातलेले पिवळेधमक वळणदार पाव, ‘लुस्सेकात्तेर’, हा त्या दिवसाचा मेवा. नोबेल घेण्यासाठी आलेले पाहुणे स्टॉकहोमच्या ग्रँड हॉटेलात उतरतात, त्यांनाही पहाटे या मुली गाऊन उठवतात. दार उघडल्यावर समोर डोक्यावर आग घेतलेली मुलगी पाहून झोपेतल्या शास्त्रज्ञांची काय अवस्था होत असेल!

आणि त्या गातात काय? चाल नेपल्सची. तेओदोरो कोत्राऊने १८४९ साली छापलेलं नावाड्याचं गाणं: सांता लुचीया हे नेपल्सच्या समुद्रकाठच्या एका वस्तीचं नाव, नावाडी गिऱ्हाइकांना संध्याकाळच्या फेरीसाठी बोलावतो आहे. मूळ गाण्यात संतीणबाईंबद्दल काही नाही. स्वीडिश लोकांनी चालीवर आपले शब्द बसवले, आणि होडीवाल्याची हाक पहाटेची प्रार्थना झाली.

*

कादंबरीकार जेम्स जॉइसची मुलगी २६ जुलै १९०७ ला त्रिएस्तेच्या इस्पितळात, गरिबांच्या वॉर्डात जन्मली. जॉइसला डोळ्यांच्या दुखण्याने पुढे आयुष्यभर छळलं. मुलीचं नाव ठेवलं लूसिया. ती पॅरिसमध्ये नर्तकी म्हणून नावारूपाला येत होती. मग मन बिघडलं. उपचारांसाठी तिला मानसशास्त्रज्ञ युंगपर्यंत नेलं. उरलेलं आयुष्य संस्थांमध्ये काढून १९८२ मध्ये ती इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनला वारली. यावर पुस्तकं निघाली, नाटकं निघाली. ‘नाव प्रकाशाचं आणि नशीब अंधाराचं’ हे वाक्य बहुतेकांना आवरत नाही. ते टाळावं. ती चांगली नाचत असे, हे आधी लिहावं.

*

गोव्यात ‘लुझिया’ पोर्तुगीजांबरोबर आली. बाप्तिस्म्याला संताचं नाव, मग नातीला आजीचं, अशा वाटेने टिकली. वसईत पोर्तुगीज १७३९ ला गेले, पुढे इंग्रजी आली आणि तिथे ‘लूसी’ जास्त ऐकू येते. केरळातही लूसीच. त्यांतल्या एका, सिस्टर लूसी कुरियन यांनी १९९७ मध्ये पुण्याजवळ वढू बुद्रुकला छळाने घराबाहेर पडलेल्या बायकांसाठी संस्था काढली. तिचं नाव ‘माहेर’. मल्याळी बाईने निवडलेला हा मराठी शब्द किती अचूक आहे, हे सासुरवाशिणीला सांगायला नको.

*

मराठी क्रिकेटवेड्यांना कॅरिबियनमधलं सेंट लूशिया माहीत आहे ते २४ जून २०२४ मुळे. टी-२० विश्वचषकात रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाला तिथेच धुतलं: ४१ चेंडूंत ९२. ऐतिहासिक स्त्रीचं नाव असलेला हा जगातला एकमेव सार्वभौम देश म्हणून सांगितला जातो. फ्रेंच खलाशी १३ डिसेंबरला तिथे किनाऱ्याला लागले, अशी नावामागची आख्यायिका. पुढे फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात बेटाचा चौदा वेळा हातबदल झाला. नाव कुणी बदललं नाही. तिथल्या क्रेओल बोलीत ते ‘सेंत लिसी’. पावणेदोन-दोन लाख वस्तीच्या या बेटाने दोन नोबेल मानकरी दिले, अर्थशास्त्रात आर्थर लुईस आणि साहित्यात डेरेक वॉलकॉट. दोघांचाही जन्मदिवस २३ जानेवारी. यात लूसियाचा काही संबंध नाही. लिहिल्यावाचून राहवलं नाही.

*

आता सर्वांत म्हातारी लूसी. इथिओपियातलं हदार, २४ नोव्हेंबर १९७४. डोनाल्ड जोहान्सन आणि टॉम ग्रे यांना घळीत हाडं दिसली. साधारण ३२ लाख वर्षांपूर्वीची, दोन पायांवर चालणारी, साडेतीन फूट उंचीची मादी. सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग हाती लागला. रात्री तळावर जल्लोष, टेपरेकॉर्डरवर बीटल्सचं १९६७ चं ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ पुन्हा पुन्हा. सकाळपर्यंत हाडांना नाव पडलं होतं. अधिकृत क्रमांक एएल २८८-१. तो कुणाच्या लक्षात आहे?

आणि गाण्यातली लूसी कोण? जॉन लेननचा मुलगा ज्यूलियन बालवाडीतून एक चित्र घेऊन आला: वर्गातली मैत्रीण लूसी ओडॉनेल, आकाशात, हिऱ्यांसह. म्हणजे मानवजातीच्या सर्वांत प्रसिद्ध पूर्वजेचं नाव इंग्लंडातल्या बालवाडीतल्या एका मुलीचं आहे. इथिओपियात तिला ‘दिंकिनेश’ म्हणतात, ‘तू अद्भुत आहेस’ अशा अर्थाचं. ज्यांच्या मातीतली ती, त्यांनी दिलेलं नाव मला जास्त आवडतं.

पुढे नावाला पाय फुटले. ब्राझीलमध्ये मिनास जेराइसच्या एका गुहेत मिळालेल्या, अकरा हजारांहून अधिक वर्षं जुन्या स्त्रीच्या कवटीला मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर नेव्हेस यांनी या लूसीवरून ‘लुझिया’ म्हटलं. रिओचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ ला जळालं तेव्हा तीही गेली असं सगळ्यांनी धरलं होतं. ऑक्टोबरात राखेतून तिचे बरेचसे तुकडे ओळखून काढले.

१६ ऑक्टोबर २०२१ ला नासाने गुरूच्या कक्षेतल्या ट्रोजन लघुग्रहांकडे यान सोडलं. त्याचं नाव लूसी, हाडांवरून. १ नोव्हेंबर २०२३ ला ते वाटेत एका छोट्या लघुग्रहाजवळून गेलं, आणि त्या लघुग्रहाला नाव दिलेलं होतं दिंकिनेश. त्याला एक उपग्रह निघाला. त्याचं नाव ठेवलं सेलाम. सेलाम म्हणजे इथिओपियातच मिळालेलं, त्याच जातीच्या लहान मुलीचं जीवाश्म. तिला ‘लूसीचं बाळ’ म्हणतात, आणि हे बाळ लूसीपेक्षा लाखभर वर्षांनी मोठं आहे. २० एप्रिल २०२५ ला यान आणखी एका लघुग्रहाजवळून गेलं. त्याचं नाव डोनाल्डजोहान्सन. बालवाडीतल्या चित्रापासून निघालेली ही साखळी तिथवर गेली, आणि तिच्यात एकाही कडीला लॅटिन लागलं नाही.

*

लूसिल हे याच नावाचं फ्रेंच वळणाचं रूप. १९४९ चा हिवाळा, आर्कान्सामधलं ट्विस्ट नावाचं गाव. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग नाचघरात वाजवत होता. उबेसाठी मधोमध पिंपात रॉकेल पेटवलेलं. दोघे मारामारी करता करता त्या पिंपावर आदळले, आग पसरली, सगळे बाहेर पळाले. किंग गिटार विसरला म्हणून पुन्हा आत गेला आणि जेमतेम वाचला. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं, की मारामारी लूसिल नावाच्या बाईवरून झाली होती. असा मूर्खपणा पुन्हा करायचा नाही हे लक्षात राहावं म्हणून त्याने गिटारचं नाव लूसिल ठेवलं. त्यानंतर त्याच्या हातून अनेक गिटारी गेल्या, प्रत्येक लूसिलच. १९८० मध्ये गिब्सन कंपनीने त्या नावाचं मॉडेल बाजारात आणलं, आणि ज्या बाईवरून हे झालं, तिला किंग कधी भेटलाही नव्हता.